पुठ्ठ्याची कमान

मे महिन्यात आमच्या घरी आंब्याची पेटी आणि बायकोच्या माहेरची माणसं साधारण एकाच सुमारास येतात. पेटी आठवड्यात संपते. यंदा जळगावहून मामा, मामी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात पिंकी आली. सामान एवढं, की हमाल करावा लागला, आणि त्यातलं निम्मं कळण्याचं पीठ. ‘मुंबईत चांगलं मिळत नाही’ म्हणून.

पाहुण्यांना शहराची संस्कृती दाखवायची हा माझा जुना आजार. बायकोनं आदल्या रात्रीच बजावलं होतं, “अहो, भाषण द्यायचं नाही. फिरवा आणि परत आणा.”

सीएसएमटीला उतरल्या उतरल्या मी सगळ्यांना रस्ता ओलांडून समोर उभं केलं. म्हटलं, वर बघा. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे तो इंग्रजांचा, दुसऱ्यावर वाघ आहे तो आपला. मामांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग अत्यंत अदबीनं विचारलं, “जावईबापू, लघवीची सोय कुठंय?” सोय स्टेशनातच होती. परत रस्ता ओलांडला. वारशाचा एवढा थेट उपयोग मी तरी कुणाला करताना पाहिला नाही.

म्युझियम मामींच्या गुडघ्यांमुळे बारगळलं. मग मी घारापुरीचा विषय काढला. लाँचनं तासाभराचा प्रवास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि आत वीस फुटी त्रिमूर्ती. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्यापासून अजिंठा किती लांब आहे?”

“साठेक किलोमीटर.”

“मी अजून गेलो नाही. जाऊ की, ती काय पळून जाते का? मग तुमची लेणी बघायला समुद्रात कशाला उलट्या करायच्या?”

यावर काय बोलणार? जगभरातून लोक विमानानं अजिंठ्याला येतात, ते बहुधा जळगावच्या लोकांच्या वाटणीचंही बघून जात असावेत.

गेटवेला पिंकीनं कमानीकडे पाठ केली आणि पाठ करूनच चाळीसेक फोटो काढले. तिथल्या शे-दोनशे माणसांपैकी कमानीकडे तोंड करून उभा असलेला मी एकटा आणि एक फुगेवाला. तोही माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत होता. राहवेना, म्हणून मामांना सांगितलं, की पंचम जॉर्ज १९११ साली इथं उतरला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. पण तो आला तेव्हा ती नव्हतीच! पायाभरणी १९१३ ची, बांधून झाली १९२४ ला. राजाला नुसता पुठ्ठ्याचा नमुना दाखवला.

मामा पहिल्यांदाच थांबले. “पुठ्ठ्याचा? आणि तो बघून गेला?”

“गेला.”

मामा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव यशस्वी भाषण.

संध्याकाळी बांद्र्याला बँडस्टँडवर एका नटाचा बंगला बघायचा होता. मुंबईला येण्याचं मूळ कारण तेच. चर्चगेटहून बोरिवली लोकल पकडली. आम्ही जेन्ट्समध्ये, मामी आणि पिंकी लेडीजमध्ये. बांद्र्याला आम्ही ढकलले जाऊन उतरलो. त्या दोघी उतरल्याच नाहीत. गाडी गेली आणि पिंकीचा फोन आला.

“काका, आजी उठत नाहीये. म्हणते, गवार राहिलीये.”

समोरच्या बाईनं पिशवीतून गवार काढली होती, आणि कुणी एकटीनं भाजी निवडतंय हे मामींना बघवेना. त्यांनी अर्धी गवार आपल्या पदरात ओढून घेतली. शेवटची शेंग मोडून झाली तेव्हा अंधेरी आलं होतं.

त्या परत येईपर्यंत मामा आणि मी बंगल्यासमोर उभे होतो. बंगला म्हणजे भिंत, फाटक आणि फाटकाचे फोटो काढणारी गर्दी. लेण्यांना वेळ नसलेले मामा तिथं पाऊण तास खिळून होते. नट घरात आहे का, हे त्यांनी शेंगदाणेवाल्याला विचारलं. “अभी अभी गये,” तो म्हणाला. हे तो दिवसभर सगळ्यांनाच सांगत असणार. मग मामा माझ्या कानाशी आले, “जावईबापू, हा तरी खरा आहे ना? का पुठ्ठ्याचा?”

मामी आल्या त्या बंगल्याकडे न बघता कठड्यावर टेकल्या आणि गवारवाल्या बाईंचं सांगू लागल्या. सासू अंथरुणाला खिळलेली, दीर वेगळा राहतो, थोरली बँकेत आहे, तिचं नुकतंच जमलं. “आणि येत्या रविवारी साखरपुडा आहे तिचा, बोरिवलीला. घरच्यांना घेऊन या म्हणाली. खूप आग्रह केला हो.”

बायकोला फोनवर कळवलं, तर ती आधी साडी कुठली नेसू यावर गेली. म्हणजे रविवारी आम्ही सगळे अनोळखी घरच्या साखरपुड्याला जाणार, अहेराचं पाकीट माझ्याकडून.

कान्हेरीची लेणीही बोरिवलीतच आहेत. हे मी अजून कुणाला बोललेलो नाही.