काकांचा मॅक्रो, माझा फॉर्म्युला बार

सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल फाईल उघडली आणि माझ्या लॅपटॉपवरचा फॉर्म्युला बार – खान्यातलं सूत्र दाखवणारी वरची पट्टी – गेला. त्या फाईलमधला गेला असता तर सोडून दिलं असतं. बाजूला माझी आयकराची फाईल उघडी होती, तिच्यातलाही गेला! पाहुण्याने येऊन जाताना आपल्या घरातला पंखा उतरवून न्यावा, तसं. 'व्ह्यू'मध्ये जाऊन टिक केली, आला. सोसायटीच्या फाईलमध्ये नुसता डोकावलो, पुन्हा गेला.

मॅक्रो म्हणजे फाईलमध्येच दडवलेला छोटा प्रोग्रॅम. तो सुरू न करता फाईल बघावी, तर एकाच ओळीचं पान दिसतं : 'आधी मॅक्रो सुरू करा. – खजिनदार.' हे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झाले आणि मॅक्रो शिकले. लोक निवृत्तीनंतर कुंड्यांत मिरच्या लावतात. आम्हाला मिरच्या चालल्या असत्या.

गेलो वर.

"काका, फॉर्म्युला बार जातोय."

"जाणारच. मी घालवलाय."

"पण माझ्या फाईलमधलासुद्धा?"

"हां, ते होतं. ग्रिडलाइन्स, म्हणजे रकान्यांच्या पुसट रेषा, त्याही मी घालवल्यात, पण त्या त्या-त्या खिडकीच्या असतात. फॉर्म्युला बार अख्ख्या ॲप्लिकेशनचा. आपण 'ॲप्लिकेशन डॉट डिस्प्लेफॉर्म्युलाबार इज इक्वल टू फॉल्स' म्हटलं, की सगळीकडचा बंद." हे त्यांनी डोळे मिटून म्हटलं.

"मग फाईल सोडताना परत ट्रू करायचं ना!"

"का? बघायचाय काय तुम्हाला त्यात?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माझ्या लॅपटॉपवर, माझ्या आयकरात मला काय बघायचंय, ते दुसऱ्या मजल्यावर कळवायचं?

झूमही त्यांनीच ठरवलेला, ५५ टक्के. मुलाने घेऊन दिलेल्या त्यांच्या भल्यामोठ्या मॉनिटरवर वर्षाचे बाराही महिने झोकात बसतात. माझ्याकडे मुंग्यांची रांग. वाढवावा, तर पान बदललं की पुन्हा ५५. गच्चीला कुलूपही यांनीच लावलंय. कारण विचारलं, तर म्हणाले होते, "लोक वर जातात."

"आणि माझ्या थकबाकीच्या रकान्यात काहीच नाही. शून्य आहे की भरायचं राहिलंय?"

"शून्य आहे. शून्यं मी दिसू देत नाही. डिस्प्लेझीरोज फॉल्स. पान कसं स्वच्छ वाटतं!"

तीन महिन्यांपूर्वी याच स्वच्छ रकान्यावरून चौथ्या मजल्यावरच्या काकूंना दंडाची नोटीस गेली होती.

"सिंकिंग फंडाचं, इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या पैशांचं, पान कुठंय? 'अनहाइड'च्या यादीतही नाही."

काका प्रथमच हसले. "नसणारच! साधं हिडन नाही ते, व्हेरी हिडन आहे. मेनूतून सापडतच नाही. कोडमधूनच काढावं लागतं, आणि कोडला पासवर्ड आहे."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. रेषा पुसा, शून्यं गिळा, पण पैसे आमचे आहेत हो! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० : शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी सभासदाला फुकट बघता येतात. हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. समोरचं दार किलकिलं झालं.

काका शांत. "कायदा मला माहीत आहे. बघायला मिळेल. लेखी अर्ज द्या, प्रिंट काढून ठेवतो."

"द्या."

"फक्त त्यात रेषा नसतील."