तोटा झाला तरी कर भरायचाच?

क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांतल्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, हे लेखात नीट लिहिलंय, पण खरी धास्ती तोट्याची आहे. समजा, बिटकॉइनमध्ये ५० हजार कमावले आणि इथेरियममध्ये ६० हजार गमावले. पदरचे १० हजार गेले, तरी त्या ५० हजारांवर १५ हजार कर, वर त्या करावर ४ टक्के उपकर! कारण एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तोटा पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. माझ्या धाकट्या भावाला हे विवरणपत्र भरताना कळलं, त्याची झोपच उडाली. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी तो व्यवहार करपात्रच. जुलै २०२२ पासून कापला जाणारा १ टक्का टीडीएस (व्यवहाराच्या वेळीच कापलेला कर) मात्र फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा कराच्या नोंदपत्रात, जरूर ताडून पाहा. शेअरमधला तोटा शेअरच्या नफ्यातून वळता करता येतो, मग इथेच का नाही?