हिरव्याची छटा निवडताना

पर्यावरणाची काळजी वाटू लागली आहे? उत्तम. पण लगेच झाडबिड लावायला धावू नका. समाज कितपत बदलायला हवा, याबद्दल आधी तुमचं मत ठरवा. ते एकदा ठरलं की बाकी काही करायला वेळच उरत नाही, असा जाणकारांचा अनुभव आहे.

मत निवडायची रीत सोपी आहे. आपल्याला काय सोडायचं नाही, इथून सुरुवात करायची.

गाडी, विमान, एसी यांतलं काहीच सोडायचं नसेल तर इकोमॉडर्निस्ट व्हा. 2015 साली 18 जणांनी मिळून या पंथाचा जाहीरनामा काढला. अणुऊर्जा, सघन शेती आणि दाट शहरं यांच्या जोरावर राहणीमानही वाढेल आणि निसर्गावरचा भारही हलका होईल, असं त्यांचं म्हणणं. यात तुमच्या वाट्याला काही काम येत नाही, काय करायचं ते अणुभट्टीने. कुणीतरी खवचटपणे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सचं नाव काढेलच. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा कोळसा वाचला नाही, उलट खप वाढला, हे त्याने 1865 मध्येच सांगून ठेवलंय. ‘तेव्हाची गोष्ट वेगळी’ म्हणा आणि विषय बदला.

घेऊन घेऊन हौस फिटली असेल तर डीग्रोथ, म्हणजे अर्थव्यवस्थेची वाढच आवरती घ्यायचा पंथ, बरा. श्रीमंतांनी वापर घटवावा, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. श्रीमंत म्हणजे आपल्याहून एक पायरी वरचे, असं समजून चालावं.

आळस सोडवत नसेल तर मात्र थेट अमेरिकन विचारवंत मरे बुकचिनकडे जा. माणूस निसर्गावर सत्ता गाजवतो, कारण तो आधी माणसावर गाजवायला शिकला, ही त्यांची मांडणी. म्हणजे आधी उतरंड मोडायची, मग बाकीचं. ती मोडेपर्यंत तुमचा नळ गळत राहिला तरी तात्त्विकदृष्ट्या हरकत नाही. (बुकचिन स्वतः ऐन तरुणपणी कामगार संघटनेत राबले, पुढेही आयुष्यभर चळवळ बांधत राहिले. एवढ्या खोलात तुम्ही शिरू नका.)

आणि माणसंच आवडत नसतील तर नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस आहेत. 1973 च्या निबंधात त्यांनी पर्यावरणवादाचे दोन भाग केले: सुखवस्तू देशांतल्या लोकांची तब्येत आणि सुबत्ता जपणारा तो उथळ, आणि प्रत्येक जिवाला जगण्या-फुलण्याचा हक्क आहे असं मानणारा तो सखोल. नेस डोंगरावरच्या झोपडीत महिनोन्‌महिने राहत. 1970 साली नॉर्वेतल्या मार्दाल धबधब्यावर वीजप्रकल्पाविरुद्ध ते ठिय्या देऊन बसले, तेव्हा पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. हे फारच गैरसोयीचं आहे. तुम्ही त्यांच्याकडून फक्त दुसऱ्याला उथळ म्हणायचं शिका. इतिहासकार रामचंद्र गुहांनी 1989 मध्ये सखोलवाल्यांना विचारलंय, की माणसं हटवून जंगल राखायचं तर त्याची किंमत गरिबांनीच का मोजायची? हा प्रश्न निघाला की दुर्बीण उचलून पक्षी पाहायला लागावं.

छटा ठरली की शत्रू ठरवा. तो शक्यतो शेजारच्या छटेतलाच असावा. 1987 मध्ये अमेरिकेतल्या हरित मंडळींचा मेळावा अ‍ॅमहर्स्टला भरला, तेव्हा बुकचिन सखोलवाल्यांवर असे काही तुटून पडले की पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडून लेख पडत राहिले. तेल कंपन्यांना त्याची फारशी झळ बसली नसावी.

सत्तेपासून मात्र जपा. जर्मनीच्या ग्रीन पक्षात ‘रेआलो’ आणि ‘फुंडी’ यांची वर्षानुवर्षं जुंपली होती: रेआलो म्हणत तसं सरकारात शिरून मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं, की फुंडी म्हणत तसं मूळ भूमिकेवरून तसूभरही हलायचं नाही? 1985 च्या डिसेंबरात रेआलो योश्का फिशर यांनी हेस्से राज्याच्या पर्यावरणमंत्रिपदाची शपथ घेतली, ती पांढरे स्पोर्ट्स शूज घालून. 1998 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तोवर अंगावर व्यवस्थित सूट आला होता. शूज संग्रहालयात गेले. तुमच्याकडे जुना जोड असेल तर टाकू नका.