गुळानं फुप्फुस धुतलं जात नाही, दाजी

आमचे दाजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला आहेत. कास्टिंगला, म्हणजे ओतून झालेल्या भागाला, चिकटलेली वाळू आणि कडेचा जादा धातू (फ्लॅश) ग्राइंडरनं काढायचा, दिवसभर. हल्ली त्यांचा मास्क लॉकरमध्ये पडून असतो आणि खिशात गूळ असतो. कारण घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'धुळीत काम करणाऱ्यांनो, हे वाचाच!' त्यातले दावे असे. जेवणानंतर गूळ खाल्ला की फुप्फुसातली धूळ धुऊन निघते. मास्कनं ऑक्सिजन कमी पडतो, त्यापेक्षा ओला रुमाल बरा. वाळू नैसर्गिक आहे, केमिकल नव्हे, त्यामुळे अपाय नाही. जुने कामगार २०-२० वर्षं धूळ खाऊन ठणठणीत आहेत. शेवटी '१० जणांना पाठवा'. आत्यानं इमानेइतबारे पाठवला.

आधी गुळाचं. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध लिहायचं म्हणजे जपूनच लिहायला हवं. आपल्या गुळाला जीआय मानांकन आहे, आणि मीही चहा गुळाचाच पितो. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात आणि धूळ जाते श्वासनलिकेतून फुप्फुसात. पोटातला गूळ पचतो, त्याची साखर रक्तात जाते. फुप्फुसाच्या तळाशी रुतलेला वाळूचा कण तो धुणार कसा? पायात काटा मोडला म्हणून दही खाण्यातला हा प्रकार.

दाजी म्हणतात, "अरे, पण गूळ खाल्ला की काळी थुंकी पडतीया, घसा मोकळा होतोय." पडते, खरं आहे. ती नाका-घशात आणि मोठ्या नळ्यांत अडकलेली जाडी धूळ. ती कफाबरोबर तशीही बाहेर येते. गोड चघळलं की लाळ सुटते, घसा ओला होतो, बरं वाटतं. घात करते ती दुसरी, डोळ्यांना न दिसणारी, ५ मायक्रॉनहूनही बारीक, वाळूतल्या सिलिकाची धूळ. ती थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचते. तिथल्या पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि मरतात. मग त्या जागी व्रण पडत जातात आणि फुप्फुस हळूहळू ताठ होतं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध आजही नाही आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. काळी थुंकी पडली म्हणजे आत सगळं साफ झालं, हा हिशोब म्हणूनच चुकीचा आहे.

मेसेजमध्ये 'शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय' अशी एक ओळ आहे. नाइलाजानं सांगतो, ती अगदीच हवेतली नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचा १९९४ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. उंदरांच्या श्वासनलिकेत धूळ सोडली आणि त्यांना गूळ खाऊ घातला. गूळ खाणाऱ्या उंदरांत कोळशाचे कण फुप्फुसातून जवळच्या लसिकाग्रंथींकडे जास्त सरकले, फुप्फुसाची इजाही कमी दिसली. पण लसिकाग्रंथीत सरकले म्हणजे शरीराबाहेर गेले असं नव्हे. आणि उंदीर फेटलिंगला नव्हते. वर्षानुवर्षं ग्राइंडरसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. मास्क काढून ठेवा, हे तर त्या अभ्यासाच्या गावीही नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. काही ठिकाणी ठेकेदारच शिफ्ट सुटताना गूळ वाटतो, आणि कामगाराला वाटतं, आपली काळजी घेतली. नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथं, धूळ ओढून घेणारं हूड आणि डक्ट बसवायचं, डस्ट कलेक्टरच्या पिशव्या वेळेवर बदलायच्या, तर लाखांत खर्च जातो. ढेप स्वस्त पडते. धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेतली पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं. त्याच कायद्यानं फाउंड्रीला धोकादायक प्रक्रियेच्या यादीत टाकलं होतं आणि सिलिकोसिसला सरकारला कळवायलाच हव्यात अशा रोगांच्या. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही सिलिकोसिस त्या यादीत आहे. गूळ कुठल्याच यादीत नाही.

मास्कचं थोडक्यात. ऑक्सिजन कमी पडत नाही. गुदमरतं, घाम येतो, मे महिन्यात भट्टीजवळ तर नकोसा होतो, हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणून तर मास्क शेवटचा उपाय. त्याआधी धूळ उठणारच नाही असं काम बसवायचं, उठलीच तर ओढून घ्यायची. ओल्या रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. पाणी मारायचंच तर झाडण्याआधी जमिनीवर मारा, आणि सुटीच्या वेळी दाबाच्या हवेची नळी अंगावर धरून कपडे झटकणं पहिलं बंद करा. दिवसभराची बसलेली धूळ त्यानं पुन्हा नाकासमोर उडते.

वाळू नैसर्गिक आहेच. अॅस्बेस्टॉसही खाणीतूनच निघतो. श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसाला कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच जाहीर केलंय.

राहिले ते ठणठणीत जुने कामगार. ठणठणीत आहेत म्हणूनच ते अजून गेटवर दिसतात. ज्यांना दम लागायला लागला ते काम सोडून गावी गेले. त्यांना कोण मोजतंय? हा रोग बहुतेकदा १०-२० वर्षांनी वर येतो, धूळ फार असेल तर त्याच्या कितीतरी आधी. शिवाय सिलिका भरलेल्या फुप्फुसात टीबी लवकर शिरतो आणि एक्स-रेवर दोन्ही सारखेच वाटू शकतात. त्यामुळे कित्येकांच्या कागदावर फक्त 'टीबी' लिहिलं जातं, आणि कामामुळे झालेल्या रोगाची ईएसआयची (कामगार विम्याची) भरपाई तिथंच अडते.

तेव्हा दाजी, पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. फाउंड्रीत आहे, फेटलिंगला आहे, इतकी वर्षं झाली, हे आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. जुने एक्स-रे टाकू नका, सगळे बरोबर न्या.