हीटेड जॅकेट म्हणजे पैशांचा चुराडा? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

दिवाळी उलटली की बायकर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मे महिन्यात लडाखची तयारी सुरू झाली की तोच पुन्हा वर येतो. तो हीटेड गिअरबद्दल, म्हणजे आतल्या तारांमुळे विजेवर तापणाऱ्या कपड्यांबद्दल असतो. मजकूर थोडक्यात असा: ‘हीटेड गिअर म्हणजे पैशांचा चुराडा. चार कपडे चढवा, छातीला पेपर लावा, बास. हीटेड जॅकेटने बॅटरी बसते, पावसात शॉक लागतो. फारच वाटलं तर ग्लोव्हज तेवढे घ्या. आणि घाटात दोन घोट रम.’

यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण बाकीच्या सल्ल्यावर विसंबून थंडीत गाडी काढणं धोक्याचं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘चार कपडे चढवा.’ कपडे ऊब तयार करत नाहीत, अंगातली ऊब धरून ठेवतात. ऊब तयार करायची ती शरीराने. ट्रेकला चढण चढताना शरीर ती भरपूर तयार करतं, त्यामुळे तिथे थरांवर थर घालून भागतं. गाडीवर माणूस बसलेला असतो. नुसत्या बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता देतं, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. समोर वारा किती? निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ६ अंशांवर आल्याची बातमी वाचून आपण कुडकुडतो. त्याच सकाळी ६० च्या वेगाने गाडी चालवा, उघड्या कातडीला ती थंडी शून्य अंशासारखी लागते. लडाखच्या खिंडींमध्ये पारा मुळातच शून्याच्या आसपास असेल आणि वेग ८० असेल, तर हिशेब उणे १० पर्यंत जातो. वारा अडवणारं जॅकेट हवंच, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तासाभरानंतर १०० वॅटची आवक कमी आणि जावक जास्त, असं होतं. ७५ ते ९० वॅटचा हीटेड लाइनर, म्हणजे जॅकेटच्या आत घालायचा, गाडीच्या विजेवर तापणारा थर, ही आवक जवळजवळ दुप्पट करतो. पाचवा स्वेटर हे करू शकत नाही. उलट एवढे थर कोंबले की ते दबतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि खांदे वळवणंही जड होतं.

छातीला वर्तमानपत्र लावायची युक्ती मात्र खरी आहे. कागद वारा अडवतो. पहाटे दूध टाकणारे ती वापरत आले आहेत आणि अचानक थंडीत सापडलेल्या कुणालाही मी तीच सांगेन. कागद भिजला की तिचा उपयोग संपतो, एवढं लक्षात ठेवावं.

‘फारच वाटलं तर ग्लोव्हज घ्या.’ इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. हात का गारठतात? छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आतल्या अवयवांना वाचवण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं. बोटांना गरम रक्तच पोचत नाही, मग हातमोज्यातली तार बाहेरून किती तापवणार? म्हणून पहिला खर्च धडावर करावा, जॅकेट लाइनर किंवा हीटेड व्हेस्टवर, म्हणजे बिनबाह्यांच्या तापणाऱ्या जाकिटावर. धड गरम राहिलं की बरेचदा साध्या चांगल्या हातमोज्यांत बोटं मोकळी राहतात. त्यानंतर ग्लोव्हज, मग सॉक्स. गारठलेल्या बोटांचा धोका वेदनेपुरता नसतो. क्लच अर्धवट सुटतो, इंडिकेटरचं बटण अंगठ्याला सापडत नाही, ब्रेकचा लीव्हर किती दाबला ते कळत नाही. लडाखची ‘खरडुंग ला’ ही खिंड उतरताना, वळणावर बर्फाचं पाणी वाहत असताना, हे परवडत नाही.

लाइनर घेताना एक बघावं: तो अंगाला चिकटून बसला पाहिजे. आत पातळ थर्मल, त्यावर लाइनर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. ढगळ लाइनर मधली हवाच तापवत बसतो. दुकानात घालून बघताना उभं राहून बघू नका, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. पाठीत वर सरकतो का, मनगट उघडं पडतं का, ते तेव्हाच कळतं.

‘बॅटरी बसते.’ हे अर्धं खरं आहे, आणि ते कुठल्या गाडीवर, ते सांगितलं नाही तर उपयोग नाही. इंजिन चालू असताना लाइनर बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेट कॉइलमधून, म्हणजे इंजिनबरोबर वीज बनवणाऱ्या भागातून, येणाऱ्या विजेवर चालतो. तिथून हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप, फॉगलाइट हे सगळं वजा करा. उरेल ते तुमचं. १०० ते १२५ सीसीच्या गाडीत उरतं फार थोडं. तिथे ९० वॅटचा लाइनर लावू नका, मेसेज तेवढ्यापुरता बरोबर आहे. अशा गाडीवर स्वतःच्या बॅटरीवर चालणारं व्हेस्ट बरं. पण पॉवर बँकेवरच्या व्हेस्टकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका: १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-अवर असतात, त्यातले हाती लागतात २५-३०. १० वॅटचं व्हेस्ट त्यावर जेमतेम तीन तास चालेल, आणि थंडीत लिथियम बॅटरी त्याहून आधी मान टाकते. कॉलेजला किंवा कामावर जायला पुरेल, मनाली-लेहला नाही.

मोठ्या गाडीवर लाइनर आरामात चालतो, फक्त इंजिन बंद असताना चालू ठेवू नये. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची, म्हणजे सगळी मिळून ९६ वॅट-अवर. ८० वॅटचा लाइनर ती तासाभरात रिकामी करेल, आणि स्टार्टर त्याआधीच हार मानेल. चहाला थांबलात तेव्हा हेच होतं. उपाय साधा आहे: मेकॅनिकला सांगून इग्निशनवर चालणारी रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकून घ्या, चावी बंद की लाइनर बंद. हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावा. गाडी चालत असताना काटा १३.५ व्होल्टच्या वर असेल तर निर्धास्त राहा. १२.८ च्या खाली उतरायला लागला तर आधी फॉगलाइट बंद करा, मग लाइनर एक पायरी खाली आणा. ट्रॅफिकमध्ये आयडलवर वीज कमी बनते, तेव्हाही हेच.

‘पावसात शॉक लागतो.’ नाही. १२ व्होल्टचा डीसी करंट तुम्हाला धक्का देण्याइतका त्वचेतून जात नाही. खरा धोका शॉर्ट सर्किटचा, म्हणजे वायर तापून पेट घेण्याचा. ९० वॅटचा लाइनर साडेसात अँपिअर ओढतो, तर १० अँपिअरचा फ्यूज लावावा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज दूर बसवला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो. टाकीखालून जाणारी वायर हँडल पूर्ण वळवल्यावर कुठे चेपत नाही ना, ते स्वतः बघा.

राहिली रम. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतलं गरम रक्त कातडीकडे येऊन थंड होतं आणि शरीराचं तापमान उतरतं. उंचीवर आधीच ऑक्सिजन कमी, त्यात हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे. हीटेड कपड्यांबरोबर तर दारू आणखी वाईट, कारण चटका बसतोय हेच कळत नाही. ४४ अंशांवरची तारसुद्धा सहा-एक तास एकाच जागी टेकून राहिली तर कातडी भाजते. त्यामुळे दिवसभर ‘हाय’वर ठेवू नका, अंग तापलं की ‘लो’वर आणा आणि आत थर्मलचा थर ठेवा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हीटेड सॉक्स घेऊच नयेत.