माझ्या गायीचं फॅट फोनवाल्याला कसं कळलं?

दुपारी जेवायला बसले आणि फोन आला. "ताई, तुमच्या दुधाचं फॅट आठवडाभर ३.२ च्या वर जाईना. गायीला खाद्यातून द्यायचं आमचं मिनरल मिक्श्चर वापरून बघा, घरपोच देतो." पोरगं गोड बोलत होतं, पण माझा घास हातातच राहिला. माझ्या चांदणीचं फॅट तुला कुणी सांगितलं रे? मी, डेअरी आणि ते फॅट मोजायचं मशीन, चौथं कोण होतं तिथं? विचारलं तर म्हणे, "सिस्टिममधून येतं."

आता माझं डोकं का फिरलं ते ऐका. मागच्या पावसाळ्यात हीच चांदणी दगडीत, म्हणजे कासेच्या आजारात, सापडली. दुसरी गाय आटवलेली, त्यामुळे डेअरीच्या संकलन केंद्रावर जायचं ते एकट्या चांदणीचंच दूध. एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, ८.५ वरून ८.३, मग ८.१, मग ७.९. आठ दिवस, सोळा पावत्या. काउंटरवरच्या पोराने काय केलं? दर कापला. वर चारचौघांत विचारलं, "वहिनी, पाणी जास्त झालं का?" कास सुजलेली नव्हती, दूध दिसायला चांगलं होतं. धारेत गाठी आल्या तेव्हा कुठं डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, चार दिवस आधी बोलावलं असतंत तर सड वाचला असता. तीन सडांच्या गायीला बाजारात काय भाव येतो, तुम्हाला सांगायला नको.

हो, पावत्या माझ्याच हातात होत्या. मान्य. पण पावतीत आपण बघतो काय? शेवटचा रकाना, किती रुपये झाले.

मी लग्न होऊन आले तेव्हा डेअरीत सचिव म्हणून नाना बसायचे. लॅक्टोमीटर, अ‍ॅसिडच्या नळ्या आणि एक लांबोडकी वही. लॅक्टोमीटरवर दुधाच्या दाटपणाची डिग्री घसरली की वहीतून मान वर करून म्हणायचे, "सूनबाई, घरी जाऊन गाय बघ गं आधी." (त्यांच्या वहीत ठरावीक घरांचं फॅट हटकून जास्त लागायचं, हेही खरं. मशीन आलं आणि ती लबाडी थांबली, दहा दिवसांचं बिल थेट खात्यात येऊ लागलं. वही परत आणा असं मी म्हणत नाही.)

पण हिशेब करा. दिवसाला दोन वेळा, म्हणजे एका खात्याच्या वर्षाला ७३० नोंदी. २०० खाती धरली तर १,४६,००० ओळी. त्यात २०२४ साली लिटरमागे ५ रुपयांच्या अनुदानासाठी गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, आधार, बँक खातं, सगळं आपणच रांगेत उभं राहून दिलं. एवढं घबाड हातात असताना "एसएनएफ सलग चार वेळा घसरलं, गाय तपासा" असा एक मेसेज जात नाही? त्यात डेअरीचंच भलं आहे. गाय धड राहिली तर दूध केंद्रावरच येणार आहे ना! नानांना एका वहीत जे दिसायचं ते यांना लाखभर ओळींत दिसत नाही. मिनरल मिक्श्चरवाल्याला मात्र बरोबर दिसतं!

डेअरीने यादी दिली, सॉफ्टवेअरवाल्याने दिली की कुणी पेनड्राइव्ह भरून नेला, ते त्यांचं त्यांनी शोधावं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. आमच्या डेअरीला त्यातला अर्धा टक्काही झेपायचा नाही. पण दंडाचं सोडा. पलीकडच्या चौकात खासगी संकलनवाला बसलाय. हीच यादी उद्या त्याच्या हाती लागली तर तो माझ्या दारात येईल का? छे. फॅट ४ च्या पुढे आणि दूध ५० लिटर, अशी घरं तेवढी निवडून नेईल. मग चेअरमन साहेबांनी आमच्यासारख्यांच्या बारा-बारा लिटरवर टँकर भरून दाखवावा.

जाऊ द्या, बीपी वाढायचं उगाच. तो काउंटरवरचा पोरगाही वाईट नाही, दहा हजारांवर पहाटे पाचला येऊन बसतो. त्याला दर कापायचं बटण दाखवलंय, दुसरं काही कुणी दाखवलंच नाही.

त्या सोळा पावत्या आत्ता कपाटातून काढल्या. अक्षरं उडून गेलीत, कागद नुसता पांढरा. म्हणून उद्या सकाळी त्यांच्याच कॉम्प्युटरमधून त्या आठ दिवसांची छापील नक्कल मागणार आहे. कुणाला असेच फोन आले असतील तर साडेसहाला केंद्रावर या. धारा उरकूनच या.