रेंज किती, एवढंच विचारलं होतं

नवीन गाडी घ्यायची ठरवल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय. आधी कसं, बजेट ठरवायचं, पेट्रोल का डिझेल ते बघायचं, मायलेज विचारायचं, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून बघायचं आणि बुक करून मोकळं व्हायचं. आता इलेक्ट्रिक आल्यात, हायब्रिडचे तीन-चार प्रकार आलेत, येऊ देत ना, माझा विरोध अजिबात नाहीये, उलट मला इलेक्ट्रिकच घ्यायचीये. पण राग कशाचा येतो तर विकणाऱ्यांपैकी एक माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. एकही नाही!

शोरूममध्ये विचारलं, हायवेला १२० च्या स्पीडने, एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन एका चार्जवर किती किलोमीटर जाईल? तर म्हणे "मॅडम, पाचशे." म्हटलं अहो ते ब्रोशरमधलं झालं, मी हायवेचं विचारतेय. "मॅडम ते तुमच्या ड्रायव्हिंग स्टाइलवर डिपेंड आहे." अरे पण सांगितली ना आत्ता स्टाइल! स्पीड सांगितला, माणसं सांगितली, एसी सांगितला, अजून काय सांगायचं राहिलं? आणि हे सगळं माझ्याकडे न बघता सोबत आलेल्या भावाकडे बघून चाललंय. प्रश्न मी विचारतेय, पैसे मी भरणारे, आणि ज्याला गाड्यांत काडीचा रस नाही त्याला बॅटरी समजावून सांगतायत.

मग घरी येऊन स्वतःच वाचत बसले तेव्हा कळलं की तो पाचशेचा आकडा येतो कुठून. डब्ल्यूएलटीपी नावाची टेस्ट असते, लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवतात, तापमान २३ अंशाच्या आसपास, एसी बंद, अर्ध्या तासात साधारण २३ किलोमीटर, म्हणजे सरासरी स्पीड साडेसेहेचाळीसच्या आसपास. मध्ये थोडा वेळ १३० च्या वर जाते, नाही असं नाही, पण सरासरी ती. चीनच्या सीएलटीसी टेस्टची सरासरी तर तिशीच्याही आत आहे. आणि अमेरिकेची ईपीए नावाची सरकारी संस्था टेस्टच्या आकड्यातून बरीच काटछाट करते म्हणून तिकडचा आकडा कमी दिसतो. म्हणजे तीच गाडी, तीच बॅटरी, आणि रेंजचे तीन वेगळे आकडे, आणि जाहिरातीत छापणार तो त्यातल्या त्यात मोठा, आणि कुठल्या टेस्टचा ते खाली मुंगीच्या अक्षरात, तेही छापलं असेल तर.

आता हायवेला काय होतं बघा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० ला गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढला. शाळेतलं फिजिक्स आहे हे, कंपनीच्या इंजिनिअर लोकांना माहीत नाही असं कोणी सांगू नये. त्यात गावात सिग्नलला ब्रेक मारताना जी थोडी वीज परत बॅटरीत जाते ती हायवेला जवळपास नाहीच, कारण ब्रेकच मारत नाही आपण. पेट्रोल गाडी हायवेला जास्त मायलेज देते आणि इलेक्ट्रिक गावात जास्त, म्हणजे आपण आयुष्यभर जे डोक्यात ठेवलं त्याच्या बरोब्बर उलटं, आणि ही एवढी मोठी गोष्ट शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही.

पुढचं तर अजून. लांबच्या प्रवासात शंभर टक्के बॅटरी आपण वापरतो का? नाही. दहाच्या खाली जायची हिंमत होत नाही, आणि ८० च्या वर फास्ट चार्जिंग इतकं मंदावतं की बऱ्याच गाड्यांना शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांएवढा वेळ लागतो. म्हणजे पहिल्या स्टॉपनंतर हातात ७० टक्केच. धरा पाचशेचे हायवेला पावणेचारशे झाले, त्याचे सत्तर टक्के म्हणजे दोनशे साठ. हा दोनशे साठ मला पाहिजे होता! याच्यावर माझं ठरणार होतं की आईबाबांना घेऊन निघालो तर कुठे थांबायचं, किती वेळा थांबायचं. दोनशे साठ सांगितलं असतं तरी मी घेतली असती कदाचित, एवढ्या अंतराला माणसाला पण थांबायला लागतंच. पण पाचशे सांगून घ्यायला लावायचं आणि मग हात वर करायचे, हे नाही चालणार.

चार्जिंगचं विचारा तर "मॅडम दीडशे किलोवॅटला सपोर्ट आहे." अहो सपोर्ट आहे म्हणजे किती वेळ? तो पीक असतो, म्हणजे चार्जिंगचा जास्तीत जास्त वेग, बॅटरी बरीच रिकामी असताना आणि योग्य तापमानाला असताना थोडा वेळ मिळतो, मग उतरत जातो. दहा ते ऐंशी किती मिनिटांत, हा एकच आकडा कामाचा, आणि तो विचारला की आधी टॅब उघडतात, मग मॅनेजरला बोलावतात, मग "व्हॉट्सअ‍ॅप करतो मॅडम". अजून आलेला नाही. आणि ते घरचं चार्जिंग! कोणी सांगतं बावीस किलोवॅटचा चार्जर बसवून घ्या, लवकर होईल. गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर सातचा असेल तर भिंतीवर बावीसचा लावा नाहीतर पन्नासचा एसी (ऑल्टरनेटिंग करंटवाला) चार्जर शोधून आणा, गाडी सातच घेणार. साठ किलोवॅट-अवरच्या बॅटरीला त्याने आठ-नऊ तास, म्हणजे रात्रभर, ठीक आहे. साध्या सॉकेटवर तेच वीस तासांच्या पुढे. आणि ज्यांना स्वतःचं पार्किंगच नाही त्यांनी काय करायचं, यावर सगळे चिडीचूप.

बॅटरी कुठली आहे विचारलं, म्हणजे आतलं रसायन कुठलं, एलएफपी का एनएमसी? उत्तर आलं "लिथियम आयन." दोन्ही लिथियम आयनच असतात हो! फरक असा की बऱ्याच कंपन्या एलएफपी अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा म्हणतात, आणि एनएमसी रोजच्या वापरात ऐंशीपर्यंतच ठेवा म्हणतात. म्हणजे रोज गाडी कशी वापरायची तेच यावर ठरतं, आणि विकणाऱ्याला माहीत नाही. वॉरंटी आठ वर्षं, एक लाख साठ हजार किलोमीटर, हे मात्र तोंडपाठ. त्याच्या आत बॅटरी बहुतेक ठिकाणी सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तरच वॉरंटी लागू, एकाहत्तरवर असली तर काही मिळणार नाही, हे वाक्य मी स्वतः कागदावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा मान हलवली.

बरं मग वाटलं जाऊ दे, हायब्रिड घेऊ. तिथे वेगळाच गोंधळ. मागे चकचकीत अक्षरात हायब्रिड लिहिलंय, आत बघावं तर ४८ व्होल्टचा माइल्ड हायब्रिड, ज्यातल्या बहुतेक गाड्या निव्वळ मोटरवर पन्नास फूटही जात नाहीत, इंजिनला नुसता हातभार. आणि तेच नाव त्या गाडीला जी गावातलं बरंचसं अंतर इंजिन बंद ठेवून जाते, आणि तेच त्या बाहेरून चार्ज करायच्या प्लग-इनला जी रोज चार्ज केली नाही तर नुसतं जास्तीचं वजन घेऊन पेट्रोल पीत हिंडते. ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि साधी छोटी गाडी कुठे गेली? जिथे जावं तिथे एसयूव्ही. २०२३ मध्ये जगात विकलेल्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या, मग कंपन्या म्हणतात लोकांना हेच पाहिजे. अहो ठेवलंयच काय दुसरं! उंच गाडी, रुंद गाडी, तिला ओढायला मोठी बॅटरी, त्या बॅटरीचं वजन, त्या वजनाला जाड टायर, आणि हे सगळं माझ्या पैशातून. इलेक्ट्रिक पिकअप ट्रकवाल्यांचे हाल तर विचारू नका, मागे मोठा ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर, आणि जाहिरातीत ट्रेलर ओढतानाचाच फोटो.

आत बसले तर एसीच्या हवेची दिशा बदलायला स्क्रीनवर जा, मेनू उघडा, बाण सरकवा. बाबांनी चष्मा लावून तीनदा बोट मारलं, हवा तोंडावरच. एक खटका होता ना तिथे, अंगठ्याने सरकवायचा, न बघता! तो काढून काय मिळवलं? गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपला २०२६ पासून नियम कडक करायला लागले, की इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर मार्क कापू. हॉर्नला बटण ठेवा हे सांगायची वेळ आली म्हणजे बघा.

ओळखीच्यांना विचारावं तर ज्याच्याकडे इलेक्ट्रिक आहे तो म्हणतो प्रॉब्लेम असा नाहीच, आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणतो बॅटरी पेट घेते. दोघांनाही माझ्या प्रवासाशी देणंघेणं नाही, आपापली बाजू जिंकायचीये.

परत फोन आलाय, टेस्ट ड्राइव्हला या म्हणून. मागच्या वेळी शोरूमला एक चक्कर मारून आणली, चाळीसच्या वर काटा गेला नाही. यावेळी सांगितलंय, हायवेला न्यायची, १२० ला एसी लावून निदान तासभर चालवायची, आणि टक्के किती उतरले ते मी लिहून घेणार. "मॅनेजरला विचारून सांगतो" म्हणाले. विचारा. नाही म्हणाले तर ठेवा ती गाडी शोरूममध्येच.